गीझर कोण खोलणार?

पडेगावात थंडी पडली की दोन गोष्टी हमखास होतात. दौलताबादकडून येणारा वारा हाडं गोठवतो, आणि सोसायटीच्या ग्रुपवर "गॅस गीझर पेटत नाहीये, कोणी मेकॅनिक आहे का?" असे मेसेज सुरू होतात. त्यावर कोणीतरी लिहितंच, "मेकॅनिक कशाला? यूट्यूब बघा, दहा मिनिटांचं काम आहे." आमच्याकडे निम्मी वस्ती इंजिनिअर लोकांची आणि उरलेली त्यांच्या आईवडिलांची. म्हणजे स्क्रूड्रायव्हर घरोघरी. तेव्हा या वीकेंडला म्हटलं, बघूया तरी, घरचा गीझर स्वतः खोलणं कायद्यात बसतं का, आणि नक्की धोका कुठे आहे.

माझा एक मित्र ऑनसाईटला इंग्लंडात आहे. त्याच्या भाड्याच्या घरात बॉयलर आहे, आणि त्याच्या झाकणाला हात लावायचीही त्याची हिंमत होत नाही. तिथे १९९८ चे गॅस सुरक्षा नियम आहेत. गॅसचं काम धंदा म्हणून करणाऱ्याची 'गॅस सेफ रजिस्टर'मध्ये नोंद लागते (१ एप्रिल २००९ च्या आधी हेच काम 'कॉर्गी'कडे होतं). घरमालकाला दरवर्षी अशाच माणसाकडून तपासणी करून घ्यावी लागते. गंमत म्हणजे स्वतःच्या घरात स्वतः काम करायला नोंदणी हवीच, असं तो नियम म्हणत नाही. काम करणारा 'सक्षम' हवा एवढंच म्हणतो. पण काही झाल्यावर आपण सक्षम होतो हे सिद्ध करत कोण बसणार? म्हणून कोणी त्या भानगडीत पडत नाही.

आपल्याकडे काय? आपल्याकडे कायदा आहे, आणि कडक आहे, पण तो टाकीचा आहे. २०१६ चे गॅस सिलिंडर नियम १८८४ च्या स्फोटक कायद्याखाली येतात. २००० सालचा एलपीजी पुरवठा आणि वितरणाचा आदेश जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली येतो. टाकीच्या व्हॉल्व्हशी खेळणं, एका टाकीतून दुसरीत गॅस भरणं, घरची टाकी हॉटेलात किंवा गाडीत वापरणं, हे सगळे गुन्हे. मुळात टाकी आपली नसतेच, ती तेल कंपनीची. आपण फक्त डिपॉझिट भरलेलं असतं. रेग्युलेटरचंही तेच. रबरी नळीला आयएसआय मार्क हवा, लांबी दीड मीटरपर्यंत, मध्ये जोड नको, भिंतीतून आरपार नेलेली नको. (आमच्या लेनमधल्या ड्राय बाल्कनीत टाकी आणि बाथरूममध्ये गीझर असलेल्या सगळ्यांनी इथे एक क्षण खाली बघावं.)

आणि नळीच्या पुढे? गीझर कसा बनवावा याचं मानक आहे, आयएस १५५५८. पण तो कोणी उघडावा, यावर इंग्लंडसारखी नोंदणी-बिंदणी काही नाही. बाजारातला "गीझरवाला" आणि तुम्ही, दोघंही त्या बाबतीत सारखेच. झाकणाच्या आत तुम्ही आणि तुमचं नशीब.

आता झाकणाच्या आत. नळ सोडला की पाण्याच्या दाबाने एक रबरी पडदा सरकतो, तो मायक्रोस्विच दाबतो, बॅटरीवर ठिणगी पडते आणि गॅसचा सोलेनॉइड उघडतो. ज्योत लागली नाही तर सेन्सर गॅस बंद करतो. साधं, छान डिझाइन आहे. गीझर पेटत नाही याचं कारण बऱ्याचदा संपलेली बॅटरी किंवा पाण्याच्या जाळीत अडकलेला कचरा असतं. आमच्याकडे बोअरचं नाहीतर टँकरचं पाणी. क्षार इतके की जाळी पांढरी होते. हे दोन्ही बाहेरून होतं. टाकी बंद करा, पाणी बंद करा, जाळी धुवा, सेल बदला. यात कोणाला बोलवायची गरज नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

पण त्यापुढे लोक जे करतात ते बघून घाम फुटतो. दाब कमी म्हणून मायक्रोस्विचच्या वायरी एकमेकींना जोडून टाकायच्या. पाणी जास्त तापावं म्हणून बर्नरचं जेट सुईने मोठं करायचं. आणि मग गरम पाणी आलं, म्हणजे "झालं रिपेअर". आपल्या धंद्यात याला काय म्हणतात ते सगळ्यांना माहीत आहे: एकच टेस्ट केस, तीही हॅपी पाथ.

कारण गीझर खरा मारतो तो गळतीने नाही. गळतीचा वास येतो, त्यासाठीच तर गॅसमध्ये मर्केप्टन घातलेलं असतं. साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघता येतात, १९०६ ला फोन करता येतो. नीट न जळलेल्या गॅसमधून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो. साबणाचं पाणी त्याला काय करणार?

एक गणित केलं. सहा लिटरचा गीझर पूर्ण चालला की तासाला जवळपास एक किलो गॅस खातो. एक किलो गॅस नीट जळायला साधारण बारा घनमीटर हवा लागते. आमच्यासारख्या रो-हाउसचं बाथरूम चार बाय सहा फूट, उंची नऊ फूट, म्हणजे जेमतेम सहा घनमीटर. दहा मिनिटांच्या अंघोळीत दोन घनमीटर हवा जळाली. एक तृतीयांश! दार बंद, थंडी म्हणून खिडकीही बंद. ऑक्सिजन कमी होत गेला की ज्योत पिवळी पडते, काजळी धरते आणि मोनॉक्साइड वाढत जातो. गीझर अगदी नवा, कोणी हात न लावलेला असला तरी. जानेवारी २०२० मध्ये बोरिवलीत एक शाळकरी मुलगी अशीच अंघोळीला गेली आणि बेशुद्ध सापडली. काही दिवसांनी ती गेली. डॉक्टरांनी कारण गीझरचा मोनॉक्साइड सांगितलं.

म्हणून कोणी "मी स्वतः खोलू का?" विचारलं की मी उलट विचारतो, लावलाय कुठे? मेकॅनिकला बहुतेक कोणी हे विचारत नाही, आणि तोही आपणहून सांगत नाही. समोरच्या काकांचा गीझर बाथरूममध्येच, शॉवरच्या शेजारी. काका निवृत्त, हात एकदम तयार, मिक्सरपासून मोटरपर्यंत सगळं घरी दुरुस्त करतात. त्यांना म्हटलं, "काका, जाळी तुम्ही खुशाल काढा, पण आधी गीझर बाहेर ड्राय बाल्कनीत घ्या, टाकीशेजारी, आणि आत फक्त गरम पाण्याचा पाइप आणा."

"अरे, भिंत फोडावी लागेल, टाइल्स जातील. त्यापेक्षा खिडकी उघडी ठेवतो ना."

"डिसेंबरात ठेवाल?"

काकू आतून म्हणाल्या, "ते नाही ठेवणार." गवंडी पुढच्या रविवारी येतोय. टाइल्सचा तोच रंग शहागंजात मिळतो का, हे बघायचं काम माझ्याकडे आलंय.