मामांचं तारण

आमच्या घरात हा प्रश्न मामांमुळे आला. मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. नगर जिल्ह्यातून नोकरीसाठी कल्याणला आले आणि तिथलेच झाले. चर्चमध्ये पेटी वाजवायचे, नाताळ जवळ आला की पोरांकडून भजनं बसवून घ्यायचे. मामी गेल्या आणि मामांनी चर्चची पायरी चढणं सोडलं. पाळकसाहेब घरी आले की चहा व्हायचा, पण प्रार्थनेची वेळ आली की मामा उठून गॅलरीत जायचे.

मागच्या पावसाळ्यात डोंबिवलीत आमच्या शेजारी प्रार्थनासभा होती. बाहेरून आलेल्या उपदेशकांनी इब्री लोकांस पत्राचा सहावा अध्याय उघडला. देवाच्या दानाची चव घेऊन जे मागे फिरले, त्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणता येत नाही, असा कडक इशारा तिथे आहे. चर्च सोडलेल्या प्रत्येकाला त्यांनी तो लागू केला. घरी आल्यावर आई कुकर लावायला उभी राहिली आणि झाकण हातात धरूनच म्हणाली, "दादाचं तारण गेलं का गं?"

रोज बायबल वाचणाऱ्या बाईची वरवरच्या धीराने समजूत पटत नाही. आम्ही दोघी पाळकसाहेबांकडे गेलो. त्यांनी आधी योहानाचा दहावा अध्याय काढला. आपली मेंढरं आपल्या हातून कुणीही हिरावून नेऊ शकत नाही, अशी ग्वाही येशू तिथे देतो. मग म्हणाले, "बाई, या दोन वचनांवरून थोर थोर माणसं भांडलीत." हॉलंडमधल्या डॉर्टच्या परिषदेने १६१८-१९ मध्ये ठरवलं, की देवाने निवडलेले शेवटपर्यंत टिकतात, कारण त्यांना टिकवणारा देवच असतो. पुढच्या शतकात जॉन वेस्लीने शिकवलं, की विश्वास टाकून दिला तर तारणही गमावता येतं. "आणि १९७० साली नागपुरात आपलं चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तेव्हा डॉर्टच्या बाजूचे प्रेस्बिटेरियन आले तसे वेस्लीच्या बाजूचे मेथडिस्टही आले. दोन्हीकडची माणसं आज एकत्र प्रभुभोजन घेतात."

ठाण्याला माझी कॅथलिक मैत्रीण राहते. तिच्याकडे उत्तर तयार होतं. जाणूनबुजून केलेल्या गंभीर पापाने कृपा हरवते, पापनिवेदनाने परत मिळते. ट्रेंटच्या परिषदेने १५४७ मध्येच तसं लिहून ठेवलं आहे. बोलता बोलता तिने १३२१ साली ठाण्यात विश्वासासाठी जीव दिलेल्या चार फ्रान्सिस्कन धर्मबंधूंची आठवण काढली. आई ऐकत राहिली. परतीच्या लोकलमध्ये मुंब्रा गेल्यावर एकदम म्हणाली, "ते चौघे टिकले. पेत्र कुठे टिकला? तीनदा नाही म्हणाला. आणि प्रभूने मेंढरं सांभाळायला दिली ती त्यालाच."

पुढच्या रविवारी आम्ही कल्याणला गेलो. मामा तापाने पडून होते. आईने उशाशी बसून ना. वा. टिळकांचं एक भजन सुरू केलं. दुसऱ्या ओळीला तिचा आवाज चिरकला. डोळे मिटलेले मामा म्हणाले, "काळी चार झेपत नाही आता तुला. काळी दोनमध्ये घे." तिने घेतलं. भजन संपल्यावर आईने विचारलंच, "दादा, देवाला सोडलंस का रे?" मामा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "देव नाही असं कधी म्हटलं मी? पेटीवर बसलो की बायकांच्या बाजूला तिची जागा दिसते. बोटं चालत नाहीत."

आम्ही सगळ्यांनी ज्याला माघार म्हटलं होतं, ते दुःख होतं. ते विचारायला इतकी वर्षं कुणी गेलं नव्हतं.

नंतर मी तो सहावा अध्याय पुन्हा वाचला. इशाऱ्यानंतर लगेच लेखक वाचकांना 'प्रियजन' म्हणतो आणि तुमच्याविषयी मला चांगल्याचीच खात्री आहे, असं सांगतो. थकलेल्या माणसांनी वाट सोडू नये म्हणून केलेली ती विनवणी आहे; गैरहजर माणसावर वाचून दाखवायचा निकाल नाही. आईने ज्यांचं भजन म्हटलं त्याच टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि बाप्तिस्मा घेतलेल्या-न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांसाठी 'देवाचा दरबार' मांडला. संस्थेबाहेर पडलेला माणूस ख्रिस्ताबाहेर पडतोच असं नाही, हे मराठी ख्रिस्ती माणसाला तरी सांगावं लागू नये.

माणूस देवाकडे पाठ फिरवू शकतो, हे मी मानते. तो इशारा मला पुसायचा नाही. पण आपलं तारण आपल्या पकडीवर टिकत नाही, ज्याने धरलंय त्याच्या पकडीवर टिकतं, असा माझा विश्वास आहे. कोण सुटला हे ठरवायचा अधिकार त्याने आपल्याला दिलेला नाही. जो येत नाही त्याच्या घरी जात राहण्याचं काम मात्र नक्की दिलंय. मामा अजून चर्चला येत नाहीत. आई दर रविवारी उपासना आटोपून कल्याणची गाडी पकडते.