हंसा, जेव्हा युद्ध नसेल

बोस्निया हा शब्द माझ्या पिढीला युद्धामुळे कळला. आम्ही शाळेत होतो. रात्री दूरदर्शनच्या बातम्या लागल्या की सारायेव्हो हे नाव कानावर पडायचं. पडक्या इमारती, पाण्याचे कॅन घेऊन पळणाऱ्या बाया, बर्फात खणलेल्या कबरी. एवढंच. तिथं कुणी लग्न करत असेल, कुणी दुकान चालवत असेल, कुणी गिटार वाजवत असेल, असं कधी डोक्यातच आलं नाही.

आज एका गिटारवाल्याबद्दल लिहितोय. राजकारणावरची पोस्ट उद्या. आज एवढं वाचा.

त्याचं नाव सेआद लिपोवाचा. सगळे त्याला ‘झेले’ म्हणतात. जन्म १९५५, गाव बिहाच. बिहाच म्हणजे बोस्नियाच्या वायव्य कोपऱ्यातलं, ऊना नदीकाठचं शहर. राजधानीपासून लांब, सीमेजवळ. आपल्याकडच्या जिल्ह्याच्या ठिकाणासारखं समजा. तेव्हा बोस्निया वेगळा देश नव्हता, युगोस्लाव्हियाचा एक भाग होता. १९७७ मध्ये या माणसानं सारायेव्होत बँड काढला. नाव ठेवलं ‘दिव्ल्ये यागोदे’, म्हणजे रानटी स्ट्रॉबेरी. नाव गोड असलं तरी वाजवायचे मात्र हार्ड रॉक आणि हेवी मेटल. गिटारचा आवाज मुद्दाम फाडलेला, खालून धडधडणारा ड्रम, आणि त्यावर झेलेची बोटं जी पळायची ती पळायचीच.

पण ही नुसती इंग्रजांची नक्कल नव्हती बरं का. बोस्नियात ‘सेवदालिंका’ नावाची जुनी विरहगीतं आहेत, घराघरात गायली जाणारी. त्यातलं एक ‘मोय दिलबेरे’. या पोरांनी सुरुवातीलाच ते गाणं उचललं आणि इलेक्ट्रिक गिटारवर बसवलं. दिलबेरे म्हणजे आपला दिलबरच. फारसीतून तुर्कीत, तुर्कांबरोबर बोस्नियात. आणि फारसीतूनच इकडे आपल्या कव्वालीत आणि सिनेमात. शब्दांना व्हिसा लागत नाही.

१९७९ मध्ये पहिला अल्बम आला. गायला अलेन इस्लामोविच, तोही बिहाच भागातलाच. अल्बम काढला झाग्रेबच्या ‘युगोटोन’ कंपनीनं. त्यातलं ‘क्रिवो ये मोरे’, म्हणजे ‘दोष समुद्राचा’, हे संथ गाणं तिकडे आजही मैफलीत लोक स्वतःच गातात. मग १९८२ चा ‘मोतोरी’. मोतोरी म्हणजे मोटारसायकली. आता गाण्याचं नावच असं म्हटल्यावर तिकडच्या बुलेटवाल्यांनी ते डोक्यावर घेतलं नसतं तरच नवल.

इथपर्यंत चढती कमान. पुढे जे झालं ते कुठल्याही छोट्या गावातून वर आलेल्या माणसाला ओळखीचं वाटेल.

१९८६ मध्ये गायक इस्लामोविच गेला. कुठे? तर गोरान ब्रेगोविचच्या ‘बियेलो दुग्मे’त, म्हणजे त्या देशातल्या सगळ्यात मोठ्या बँडमध्ये. नाटक मंडळीतला मुख्य नट मोठ्या कंपनीनं उचलावा तसं. याच सुमारास झेले बँड घेऊन लंडनच्या वाटेला लागलेला. नाव इंग्रजीत केलं, ‘वाइल्ड स्ट्रॉबेरीज’. गाणी इंग्रजीत केली. १९८७ मध्ये त्या नावानं अल्बमही निघाला. पण बाहेरच्या जगानं हवी तशी दाद दिली नाही. झेले परत आला, आपल्या भाषेत परत आला, आणि १९८८ मध्ये ‘कोन्यी’, म्हणजे ‘घोडे’, हा अल्बम काढला. रडगाणं नाही. बाहेर चाललं नाही, तर घरी वाजवू.

मग घरच राहिलं नाही.

१९९१-९२ मध्ये युगोस्लाव्हिया फुटला. सारायेव्होला जवळजवळ चार वर्षं वेढा पडला. झेलेचं बिहाचही तीन वर्षं वेढ्यात होतं. संयुक्त राष्ट्रांनी १९९३ मध्ये त्याला ‘सुरक्षित क्षेत्र’ म्हटलं, तरी तोफा थांबल्या नाहीत. ज्या युगोटोननं पहिला अल्बम काढला, तिच्या नावातला देश नकाशावरून गेला. कंपनीचं नावही बदललं, ‘क्रोएशिया रेकॉर्ड्स’ झालं. विचार करा, एका बँडचे श्रोते एका झटक्यात चार-पाच देशांत वाटले गेले, आणि त्यातले काही एकमेकांवर गोळ्या झाडत होते.

अशा वेळी, युद्ध चालू असताना, १९९४ मध्ये ‘दिव्ल्ये यागोदे’चा अल्बम आला. नाव होतं ‘लाबुदे, काद राता ने बुदे’. मराठीत सांगायचं तर, ‘हंसा, जेव्हा युद्ध नसेल’.

मी त्या नावापाशी बराच वेळ थांबलो. पत्रकारितेचा डिप्लोमा करताना आम्हाला शिकवलं होतं, बातमीत काय घडलं ते आधी लिहा. ज्यांच्यावर घडलं ती माणसं पुढे काय करायचं ठरवून बसली होती, हे कुठल्या रकान्यात लिहायचं, ते कुणी शिकवलं नाही. हा माणूस युद्धाच्या मधोमध ‘नंतर’विषयी बोलत होता. आणि त्याच वर्षी आम्ही टीव्हीवर फक्त कबरी बघत होतो.

हे मला इतकं का लागलं, ते आपल्या जिल्ह्यातल्यांना वेगळं सांगायला नको. मार्च संपला की शहरातल्या डेस्कवरून फोन येतो, ‘टँकरचा फोटो पाठवा, भेगा पडलेल्या जमिनीचा पाठवा.’ मी पाठवतो, कारण ते खरंच आहे. त्याबरोबर गावातल्या भजनी मंडळाची, नाट्यस्पर्धेची, बँडवाल्या पोरांचीही बातमी पाठवतो. ती येत नाही. म्हणून पुण्या-मुंबईत कुणी भेटलं आणि गावाचं नाव सांगितलं की समोरचा पहिला प्रश्न विचारतो, ‘तिकडे पाणी आहे का हो?’ माणूस चांगल्या मनानं विचारतो. पण त्याला आपण फक्त दुष्काळ म्हणून माहीत असतो. जसा मला बोस्निया फक्त युद्ध म्हणून माहीत होता.

दुःखाची बातमी देऊ नका असं माझं म्हणणं नाही. ती दिलीच पाहिजे, नाहीतर टँकरसुद्धा येणार नाही. पण ज्याच्यावर दुःख आलं त्याला आधी एक आयुष्य होतं आणि नंतरही आहे, एवढी जागा तर ठेवा. नाहीतर मदत करणाऱ्याच्या नजरेतही तो माणूस राहत नाही, प्रकरण होतो.

झेले थांबला नाही. गायक किती आले, किती गेले. १९७७ पासून बँडमध्ये कायम राहिलेला माणूस तो एकटाच. युद्ध संपल्यावर पुन्हा अल्बम आले, २०१३ मध्येही एक आला. एकेकाळी एक असलेल्या देशाचे तुकडे झाले, त्या तुकड्यांत त्याची गाणी अजून वाजतात.

आज रात्री जेवणं झाली की ‘क्रिवो ये मोरे’ शोधून ऐका. भाषा कळणार नाही, काही बिघडत नाही. मग ‘मोतोरी’ लावा, पण हेडफोन घालून, नाहीतर घरचे ओरडतील. आणि आपल्या तालुक्यातलं कुणी वाजवणारं, गाणारं, नाटक बसवणारं ठाऊक असेल, तर खाली नाव लिहा. पेपरात जागा मिळो न मिळो, इथं मी लिहितो.