वसईच्या घंटांमागे

वसईच्या किल्ल्यात शिरलं की आधी भेटतात ती लग्नाआधीचे फोटो काढून घेणारी जोडपी. वर छप्पर नाही, त्यामुळे उजेड हवा तेवढा. मागे कमान आयती. फोटोग्राफरला याहून काय पाहिजे?

छप्पर नाही, म्हणूनच मला मात्र मान वर करून बघायची सवय लागली. भिंतींत वरच्या अंगाला ओळीने खोबणी दिसतात. त्यांत एकेकाळी तुळया बसत होत्या. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. त्यानंतर दोनेकशे वर्षांत फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन अशा प्रत्येक पंथाने इथे आपापलं चर्च उभारलं. सुतारांनी केलं ते सगळं गेलं. पाथरवटांचं अर्धंमुर्धं उरलंय.

फ्रान्सिस्कनांच्या चर्चमध्ये जमीन थडग्यांच्या शिळांची आहे. लोक त्यांवरूनच चालतात. दुसरी वाटच नाही. मी एका शिळेपाशी उकिडवा बसलो. वर घराण्याचं चिन्ह, खाली पोर्तुगीज मजकूर. ओळीच्या शेवटी कारागिराला जागा पुरलेली दिसत नाही, कारण मोठ्या अक्षराच्या पोटात त्याने धाकटं अक्षर बसवून दिलंय, तेही नीट, घाई न करता. काळ्या कातळात असं अक्षर काढणं म्हणजे छिन्नी जरा सरकली की संपलं. या भागातल्या दगडाला तेव्हा दूरवर मागणी होती. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू चर्चच्या दर्शनी भागाचा काळा दगड वसईकडचाच म्हणतात. तिथे तो अजून रोज पाहिला जातो. इथल्या शिळांवर पाऊस पडतो आणि अक्षरं दरसाल थोडी पुसट होत जातात.

जेझुइटांच्या चर्चचं नशीब बरं. वसईत जन्मलेल्या आणि १५९७ मध्ये जपानात नागासाकीला क्रुसावर चढवल्या गेलेल्या गोन्सालो गार्सियांच्या नावाने ते ओळखलं जातं. सणाला माणसं येतात, म्हणून त्याची डागडुजीही झाली. नवं काम जुन्याशेजारी लगेच ओळखू येतं, आणि ते मला फारसं आवडलंही नाही. पण छप्पर आहे!

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि चर्चच्या घंटा मराठी मुलखात पांगल्या. त्यांतली एक भीमाशंकरला गेली, एक नाशकात नारोशंकराच्या देवळाच्या तटावर, आणि एक वाईजवळ मेणवलीत. नाशिकच्या घंटेवर १७२१ साल आहे. तिथे मी थांबलो, पण गोदाकाठच्या गर्दीत घंटेकडे शांतपणे बघणं जमेना. मेणवलीत तो प्रश्न आला नाही.

नाना फडणविसांच्या वाड्याच्या मागे कृष्णेचा घाट आहे आणि घाटावर मेणेश्वराचं देऊळ. त्याच्या आवारातल्या छोट्या दगडी खोलीत घंटा टांगलीय. अंगावर १७०७ साल आणि बाळ येशूला घेतलेली मेरी. हात लावून पाहिलं तर मूर्ती वर उठून आलेली जाणवते. ती नंतर कोरलेली नाही. युरोपीय ओतारी आतल्या साच्यावर मातीची खोटी घंटा घडवत, तिच्यावर मेणाची चित्रं आणि अक्षरं चिकटवत, वरून मातीचे थर देत. मग तापवलं की मेण वितळून जाई आणि चित्राचा ठसा बाहेरच्या साच्यात राही. गावात ही घंटा पंचधातूची म्हणून सांगतात. युरोपातलं नेहमीचं प्रमाण साधारण चार भाग तांबं आणि एक भाग कथील असे.

थोरल्या बाजीरावांनी ही घंटा नानांना भेट दिली, असंही इथे ऐकायला मिळतं. बाजीराव वारले १७४० मध्ये, नाना जन्मले १७४२ मध्ये. भेट कुणी कुणाला दिली असेल ती असो; घंटा वसईच्या लुटीतली आहे, यावर सगळ्यांचं एकमत. मला लुटीचं समर्थन करायचं नाही. पण वसईत कारागिरीचं जे जे जागेवर राहिलं ते झिजलं किंवा नाहीसं झालं, आणि जे उचलून नेलं ते धड राहिलं. घंटा वितळवून तोफ ओतणं त्या काळी अवघड नव्हतं. देवळात टांगली म्हणून ती वाचली, आणि मेरीच्या मूर्तीला कुणी छिन्नी लावली नाही, हे मला त्याहून मोठं वाटतं.

घाटावर एक आजोबा धोतर वाळत घालत होते.

"कुठनं आलात?"

"वसईहून."

त्यांनी घंटेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "न्यायला आलात का काय?"

"मागितली तर द्याल?"

"आमच्या देवाची हाय ती आता," ते म्हणाले. "वाजवा की, वाजवायला कोण नको म्हणतंय?"