सेंट पीटर स्ट्रीटवरची पंचेचाळीस मिनिटं

२०२२ च्या मार्चमध्ये, मुलांच्या स्प्रिंग ब्रेकला, आम्ही न्यू ऑर्लिन्सला जाऊन आलो. ह्यूस्टनहून आय-१० धरली की साडेतीनशे मैल. बरोबर तिखटमिठाच्या पुऱ्या, लसणाची चटणी आणि चौघांची लसीची कार्डं. त्या आठवड्यात तिथे क्लबच्या दारावर अजून कार्ड दाखवावं लागत होतं. पूर्वी दोनदा गेलो तेव्हा पिठीसाखरेतले बेन्ये खाल्ले, मिसिसिपीत बोटीने फिरलो, फोटो काढून परतलो. संगीत तिथे कोपऱ्याकोपऱ्यावर फुकट ऐकू येतं, तेव्हा त्यासाठी मुद्दाम काही करायचं डोक्यातच आलं नव्हतं. या वेळी मात्र फक्त ऐकायलाच निघालो होतो, आणि त्याला दोन कारणं होती.

पहिलं कारण मागच्या सीटवर कानाला हेडफोन लावून बसलं होतं. चिरंजीव सहावीपासून शाळेच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवायचे. मग २०२० उजाडलं. आधी तालीम व्हिडिओ कॉलवर गेली. आम्ही दोघंही इंजिनियर, त्यामुळे ते जमणार नाही हे लगेच कळलं. हवेत आवाजाला एक फूट जायला साधारण एक मिलिसेकंद लागतो. वादक पंचवीस-तीस फुटांहून लांब बसले की लय सुटायला लागते, आणि कॉलवरचा विलंब त्याच्या कितीतरी पट. त्यात संगणक सततचा आवाज म्हणजे गोंगाट समजून गाळून टाकतो. आपल्या दिवाळीच्या ऑनलाइन कार्यक्रमात तानपुरा असाच बेपत्ता झाला होता, आठवत असेल! पुढे शाळा उघडल्यावर ट्रंपेटच्या तोंडालाही कापडी टोपडं आलं. त्या वर्षी चिरंजीवांनी ट्रंपेट पेटीत ठेवला तो ठेवलाच.

दुसरं कारण सांगायला जरा जड जातंय. २०२० च्या एप्रिलमध्ये आमच्या गावी पुण्याहून येणाऱ्या मंडळींचा नाट्यसंगीताचा कार्यक्रम ठरला होता. तो अर्थातच रद्द झाला. आयोजकांनी विचारलं, तिकिटांचे पैसे परत हवेत की कलाकारांना पाठवू? आम्ही एकशेसाठ डॉलर परत घेतले. २० एप्रिलला तेलाचा भाव शून्याच्याही खाली गेला होता, आमच्यापैकी एकाची नोकरी तेलातली, घाबरलो होतो. नोकरीला पुढे काहीही झालं नाही. त्या संचातले तबलजी आधीच्या दौऱ्यात तीन रात्री आमच्याकडे राहिलेले. त्यांच्या शिकवण्या बंद पडल्या आणि त्यांनी स्कूटर विकली हे आम्हांला दुसऱ्यांकडून कळलं. फोनवर ते स्वतः एवढंच म्हणायचे, "रियाज मस्त चाललाय, वेळच वेळ आहे."

न्यू ऑर्लिन्सला या रोगाने अगदी सुरुवातीला गाठलं. २५ फेब्रुवारी २०२० ला मार्दी ग्राची गर्दी झाली आणि महिन्याभरात इस्पितळं भरली. १ एप्रिलला एलिस मार्सालिस गेले. ट्रंपेटवाले विंटन आणि सॅक्सोफोनवाले ब्रॅनफर्ड यांचे वडील, स्वतः पियानोवादक, आणि गावातल्या कितीतरी वादकांचे गुरू. फ्रेंचमन स्ट्रीटवरच्या स्नग हार्बरमध्ये वर्षानुवर्षं शुक्रवारी वाजवायचे. ज्या गावात माणसाला बँड लावून, नाचत निरोप देतात, तिथे त्या दिवसांत मिरवणूक काढायचीही सोय नव्हती. जॅझ फेस्ट २०२० आणि २०२१ अशी दोन्ही वर्षं झाला नाही. मार्दी ग्राच्या मिरवणुका २०२१ मध्ये बंद, तेव्हा लोकांनी चित्ररथ करणाऱ्या कारागिरांना बोलावून आपली घरंच चित्ररथासारखी सजवून घेतली. हे आम्हांला फार आवडलं. दया म्हणून पैसे देण्यापेक्षा काम देणं केव्हाही चांगलं.

आपल्याकडे काय वेगळं होतं? लग्नसराईतले बँडवाले घरी बसले. चैत्रात गावोगावच्या जत्रा बंद, म्हणजे नारायणगावच्या तमाशाच्या राहुट्यांवर सुपाऱ्या द्यायला कोण येणार? पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव दोन वर्षं चुकला, तो २०२२ च्या डिसेंबरात पुन्हा भरला. इथल्या सरकारने २०२० च्या डिसेंबरात बंद पडलेल्या थिएटरांसाठी आणि क्लबांसाठी १५ अब्ज डॉलर मंजूर केले, ते उत्तमच झालं. पण ते पैसे जागा चालवणाऱ्यांसाठी होते. बादलीत पडणाऱ्या टिपांवर जगणाऱ्याने आपली बुडालेली कमाई कागदावर कशी दाखवायची?

प्रिझर्व्हेशन हॉल फ्रेंच क्वार्टरमध्ये, सेंट पीटर स्ट्रीटवर. १९६१ मध्ये ॲलन आणि सँड्रा जॅफी या तरुण जोडप्याने तो चालवायला घेतला. जुन्या पद्धतीचं वाजवणारे म्हातारे वादक तेव्हा कामाविना बसले होते. काळे-गोरे वेगळे बसवायच्या त्या दिवसांत इथे सगळे एका बाकावर बसत. २०२० च्या मार्चपासून हॉल सव्वा वर्ष बंद राहिला, पण त्याच्या फाउंडेशनने ऑनलाइन कार्यक्रम करून आपल्या वादकांसाठी पैसे उभे केले.

हॉल म्हणायचं, पण आपल्या वाड्यातली ओसरी बरी! पोपडे उडालेल्या भिंती, लाकडी बाकं, पुढे जमिनीवर उशा. माइक नाही, बार नाही, बाथरूमसुद्धा नाही (आईंना घेऊन जाणाऱ्यांनी नोंद घ्यावी). शंभरेक माणसं जेमतेम मावतात. तिथला फर्माइशीचा जुना फलक प्रसिद्ध आहे: पारंपरिक गाणं दोन डॉलर, इतर पाच, आणि 'सेंट्स' दहा. आपल्या मैफलीत भैरवीच्या आधी नेमकी एकच चिठ्ठी दरवेळी येते ना, तसलाच प्रकार. वादकांना तेवढी भरपाई हवीच.

आम्हांला अगदी पुढच्या उशा मिळाल्या. ट्रॉम्बोनवाले काका साठीच्या पुढचे, अंगात काळा सूट. त्यांनी नळी पुढे सरकवली की ती लेकीच्या नाकापासून वीतभर अंतरावर यायची. पहिला सूर लागला आणि आम्ही चक्क मागे सरकलो. दोन वर्षं माणसाच्या श्वासाला भीत काढलेली, आणि इथे चार माणसं छाती रिकामी होईस्तोवर आमच्या तोंडावर फुंकत होती! पुढच्या गाण्यापर्यंत भीती गेली. तिसऱ्या गाण्याला शेजारचे दाढीवाले गृहस्थ रडत होते आणि ते कुणाला विचित्र वाटत नव्हतं. चिरंजीव वादकाच्या बोटांकडे टक लावून बसलेले. पंचेचाळीस मिनिटांत खेळ खलास.

बाहेर पडताना बादली होती. आम्ही चाळीस टाकले, पाच पावलं गेलो, परत येऊन आणखी चाळीस टाकले. ट्रॉम्बोनवाले काका दाराशी वारा खात उभे होते. चिरंजीवांनी विचारलं, बंदच्या काळात कुठे वाजवत होता? "घराच्या ओट्यावर. समोरची म्हातारी तिच्या ओट्यावरून ऐकायची. ती असेपर्यंत." मग त्यांनीच विचारलं, तू काय वाजवतोस? चिरंजीव म्हणाले, "ट्रंपेट." वाजवायचो, असं म्हणाले नाहीत.

परत आल्यावर पेटी उघडली तर झडपा घट्ट बसलेल्या, तेलाची बाटली सुकलेली. ती आणली. तबलजींना फोन करून एकशेसाठ डॉलर पाठवतो म्हटलं. त्यांनी साफ नाकारलं. "कार्यक्रम होईल तेव्हा द्या. फुकट कसे घेऊ?"

कार्यक्रम झाला २०२३ च्या ऑक्टोबरात. आम्ही सहा तिकिटं काढली, शेजारच्या मेक्सिकन जोडप्याला घेऊन गेलो. तबलजी उतरायला आमच्याकडेच होते. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा चालू असताना वरच्या खोलीतून ट्रंपेट ऐकू आला. त्यांनी कप खाली ठेवला.

"कुठल्या पट्टीतला म्हणे हा?"

"बी-फ्लॅट."

"म्हणजे काळी पाच," ते म्हणाले, आणि पिशवीत हातोडी शोधायला लागले.