विजेचा आकार

सिद्धगडाचें नांव विजेशीं जोडलें गेलें तें 1942 सालच्या चळवळींत. माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांच्या आझाद दस्त्यानें मुंबईस वीज नेणारे मनोरे पाडले, आणि 2 जानेवारी 1943 रोजीं भाई व हिराजी पाटील याच गडाच्या रानांत पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. दरसाल त्या दिवशीं येथें लोक जमतात. एके वर्षीं आमच्या लहानशा मंडळीनें भाषणासाठीं मोटारीच्या बॅटरीवर चालणारा एक इन्व्हर्टर नेला होता. कर्ण्यांतून वक्त्याच्या शब्दांबरोबर अशी कांहीं घरघर येऊं लागली कीं मागच्या रांगेंतील ठाकूर-कातकरी म्हातारे कानामागें हात धरून बसले. एका विद्यार्थ्यानें व्होल्टमापक लावला, तों 230 च्या जागीं 180! यंत्र बिघडलें, असा सर्वांनीं निकाल दिला.

वास्तविक यंत्र धडधाकट होतें. आम्ही पडलों इंग्रजी काव्य शिकविणारे. परंतु पदार्थविज्ञानाच्या एका स्नेह्यांकडून पुढें हें कोडें उलगडून घेतलें, तें असें. वीजघरांतील जनित्र फिरतें, म्हणून त्याची वीज सेकंदास 50 वेळां मऊ वळणानें 325 व्होल्टपर्यंत चढते व तितकीच खालीं उतरते. बॅटरीची वीज एकमार्गी. स्वस्त इन्व्हर्टर नुसती उघडझाप करून तिला उलटसुलट करितो: एकदम वर, क्षणभर शून्य, एकदम खालीं, पुन्हां शून्य. घाटाच्या जागीं पायऱ्या! शिखर तेंच ठेवून निम्मा वेळ शून्याला दिला, कीं शेगडीला मिळणारी उष्णता 230 व्होल्टांइतकीच भरते. साधा मापक मात्र सरासरी काढतो आणि समोर गुळगुळीत लाटच आहे असें गृहीत धरून तिला 1.11 नें गुणितो. पायऱ्यांची सरासरी 162. म्हणून उत्तर 180. ठरल्या साच्याबाहेरचें उत्तर दिसतांच गुण कापणारे परीक्षक आम्हांस आठवले.

घरघर येते ती पायऱ्यांच्या उभ्या कडांमुळें. त्यांत 50 कंपनांखेरीज 150, 250, 350 अशीं कंपनें दडलेलीं असतात. तीं ध्वनिवर्धकांत शिरतात. पंखाही त्यांनीं कण्हतो व अधिक तापतो. महाग इन्व्हर्टर तीच उघडझाप सेकंदास हजारों वेळां, काळ कमीजास्त करीत करितो आणि ती तारेच्या वेटोळ्यांतून गाळून घेतो. मग लाट वीजघराच्या लाटेसारखी गुळगुळीत होते.

जुन्या पिवळ्या दिव्यास पायऱ्या चालतात. हुतात्म्यांचीं नांवें शेवटच्या रांगेपर्यंत पोंचवावयाचीं असतील, तर मात्र जास्तीचे पैसे मोजावे. घेतांना खोक्यावर ‘प्युअर साइन वेव्ह’ हे शब्द पाहावे. ‘मॉडिफाइड साइन’ हें पायऱ्यांचेंच टोपणनांव आहे.