आमच्या घरचे बावखल

मृगाच्या आधी पाऊस येत नाही, अशी आमच्या आजीची आयुष्यभराची श्रद्धा होती. तिचे सारे वेळापत्रक त्यावरच बेतलेले. मे महिना लागला की मिरच्या उन्हात पडायच्या, पापड खाटेवर वाळायचे, सुके बोंबील आणि जवळा डब्यात बंद व्हायचा, सरपण पडवीत रचले जायचे. पावसाळ्याच्या या बेगमीला आमच्याकडे आगोट म्हणतात. पण २०२५ साली मान्सूनने आजीला दगा दिला. एरवी ११ जूनच्या सुमारास मुंबईत पोहोचणारा मान्सून २६ मे रोजीच दाखल झाला आणि त्याच्या आधीचे दिवसही ओलेच गेले. निम्म्या मिरच्यांना बुरशी आली. आजी ओट्यावर बसून आभाळाकडे पाहात म्हणाली, "कली आला गो, कली!"

पुढे कॉलेज सुरू झाले. पर्यावरणाच्या तासाला सरांनी आम्हांला एक प्रश्नावली दिली. 'आपल्या कुटुंबाला हवामान बदलाची माहिती आहे काय? त्यावर कुटुंबाचा विश्वास आहे काय?' समोर दोन चौकोन, होय आणि नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे रात्री जेवणे झाल्यावर मी तो कागद घेऊन जरा ऐटीतच सर्वांसमोर बसले. घरच्या अडाण्यांना आपण आज शहाणे करणार, असा माझा आव होता. खोटे कशाला बोलू?

"विश्वास कसला विचारतेस?" बाबा म्हणाले. "२०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळाचा वारा सुटला आणि एका दिवसात केळी आडवी झाली. ती मी या हातांनी तोडून बाहेर काढली."

आई भांडी आवरता आवरता म्हणाली, "विहिरीचं पाणी आता होळीपासूनच मचूळ लागतं. डाळ शिजत नाही. हे लिही तुझ्या कागदावर."

धाकटा म्हणाला, रात्री पत्र्याखाली झोप येत नाही, कूलर घ्या. आजीने तर कलीचे नाव आधीच सांगून ठेवले होते.

म्हणजे सगळ्यांचे उत्तर 'होय'! मी शिकवायचे ते काय? तरीही मी शिकवले. कोळसा आणि तेल जाळल्याने हवेत कर्बवायू साठतो. पृथ्वीचे तापमान औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या मानाने एक अंशाहून अधिक वाढले आहे. हवा एका अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते, म्हणून पाऊस कोसळतो तो एकदम कोसळतो. अरबी समुद्र तापतो आहे, त्यातून वादळांना बळ मिळते. सर्वांनी शांतपणे ऐकले. मग हे कोणी केले, यावर चर्चा झाली. बाबांनी मुंबईच्या मोटारींकडे बोट दाखवले, आईने कारखान्यांकडे, धाकट्याने थेट अमेरिकेकडे. मलाही बरे वाटले. आपण काय जाळतो? एक गॅसची शेगडी आणि बाबांची जुनी स्कूटर. त्या पापात आपला वाटा तो केवढा!

तेवढ्यात आजीने विचारले, "आणि आपलं बावखल कोणी बुजवलं? अमेरिकेनं?"

कोणीच बोलले नाही. आई उठून आत गेली.

वसईबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. बावखल म्हणजे वाडीत खणलेले तळे. पावसाचे पाणी त्यात साठते, जमिनीत मुरते, शेजारच्या विहिरीला गोडे ठेवते. आमच्या पश्चिम पट्ट्यातल्या केळीच्या, पानवेलीच्या, फुलांच्या वाड्या या पाण्यावरच पोसल्या गेल्या. समुद्र इतका जवळ असूनही विहिरी गोड्या राहिल्या, त्यात बावखलांचा मोठा वाटा. आमच्या बावखलाच्या काठी भेंडीचे झाड होते. मी पोहायला तिथेच शिकले.

जुलै २०१८ मध्ये, ९ आणि १० तारखेला, वसई-विरार बुडाले. रेल्वेचे रूळ पाण्याखाली गेले, वीज गेली. मी तेव्हा बारा वर्षांची होते. आमच्या अंगणात पाणी आले, बावखल तुडुंब भरले, पण पाणी ओट्याची पायरी चढले नाही. आजीने बावखलाला नारळ वाहिला होता, हे मला चांगले आठवते.

मग तौक्तेने केळी गेली आणि डोक्यावर कर्ज आले. माझी बारावी झाली त्या उन्हाळ्यात बाबांनी भरावाचे ट्रक बोलावले. पाडलेल्या इमारतींच्या विटा, लाद्या, माती यांनी तीन दिवसांत बावखलाचा तीन चतुर्थांश भाग बुजला. त्यावर पत्र्याच्या चार खोल्या उभ्या राहिल्या. त्यांचे भाडे येते. माझी चुलत बहीण बारावीनंतर वालीवच्या एका गाळ्यात पॅकिंगला लागली. मी कॉलेजात आले. त्या भाड्यामुळेच!

आमच्या आजोबांची गोष्ट आजी नेहमी सांगते. वसईची हिरवी जमीन आणि पाणी वाचवण्यासाठी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. तिच्या मोर्चात आजोबा चालले होते. त्यांच्याच मुलाने बावखल बुजवले, तेही त्यांच्या नातीच्या शिक्षणासाठी. बाबांना मी दोष कुठल्या तोंडाने देऊ? ट्रक आले तेव्हा मी अठरा वर्षांची होते. मी एक शब्द बोलले नव्हते. मला कॉलेजला जायचे होते.

गेल्या पावसाळ्यात ओटीवर वीतभर पाणी आले. पाऊस जास्त पडला त्यात आमचा हात नसेल. पण त्या पाण्याने जायचे कुठे, ती जागा आम्हीच बुजवली. विहीर मचूळ होण्यातही भरावाचा वाटा असणारच. आमच्या घरी हवामान बदल कोणी नाकारत नाही. आम्ही नाकारतो तो त्यातला आपल्या अंगणापुरता भाग. आभाळाचा दोष काढायला काही खर्च येत नाही. जमिनीचा दोष काढायचा तर महिन्याचे भाडे मध्ये येते.

प्रश्नावलीत यासाठी चौकोन नव्हता. मी 'होय'वर खूण केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर बावखलाची हकीकत लिहून सरांकडे दिली. सरांनी ती वाचून एवढेच विचारले, "किती उरले आहे?"

एक कोपरा उरला आहे. भेंडीचे झाडही आहे. पण धाकटा पुढच्या वर्षी बारावीला बसेल, आणि त्या कोपऱ्यात आणखी दोन खोल्या बसतात, हे बाबांनी मोजून ठेवले आहे. आजीने आगोट यापुढे एप्रिलातच उरकायची असे ठरवले आहे. तिने आपल्यापुरता मार्ग काढला. माझा मार्ग मला अजून काढायचा आहे. सकाळी दोन शिकवण्या घ्यायला मी सुरुवात केली आहे. त्यातून एका खोलीचेही भाडे निघत नाही. पण परवा बाबांना मी म्हटले, "ट्रक बोलावण्याआधी मला विचाराल?"

बाबा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "विचारीन."

(द्वितीय वर्ष कला)