गुहा, मैदान आणि चुकांचा रकाना

अमेरिकेतील केंटकी राज्यात लुईव्हिल सोडून मोटारीने दक्षिणेकडे तास-सव्वा तास गेले की घड्याळ एक तास मागे करावे लागते. सांगलीहून मुलाकडे आलेल्या आजोबांना याची मोठी गंमत वाटली. मात्र त्यांचा रात्रिभोजनत्याग घड्याळाशी नव्हे, सूर्याशी बांधलेला. त्यामुळे शेंगदाण्याची चटणी आणि दशम्यांचा डबा संध्याकाळी केव्हा उघडायचा, याचा हिशेब त्यांना नव्याने मांडावा लागला.

बेत मुलाने आखला होता. सकाळी मॅमथ गुहा, संध्याकाळी बोलिंग ग्रीन येथे मायनर लीगचा बेसबॉल सामना. त्यामागील कारण कोणी बोलून दाखविले नव्हते. तेरा वर्षांच्या नातवाच्या हातून वसंत ऋतूतील एका शालेय सामन्यात दोन सोपे चेंडू सुटले, पुढच्या सामन्यात त्याला वगळण्यात आले, आणि तेव्हापासून त्याने ग्लोव्हला हात लावला नव्हता. घरात तो विषय निघाला की तो ताट उचलून उठत असे.

गुहा म्हटली की मराठी जैनांच्या डोळ्यांपुढे वेरूळची इंद्रसभा उभी राहते. तिथे छिन्नीने कोरले, मॅमथमध्ये पाण्याने. चुनखडक विरघळत जाऊन झालेल्या या गुहेचे ६८० किलोमीटरहून अधिक लांबीचे मार्ग आजवर मोजले गेले असून जगात इतकी लांब गुहा दुसरी ज्ञात नाही. बाहेर जूनचे ऊन, आत जेमतेम १२ अंश सेल्सिअस. आजोबांनी मफलर गुंडाळला.

त्यांना सर्वांत भावला तो स्टीफन बिशप. १८३८ मध्ये गुलाम म्हणून येथे आणलेला हा तरुण वाटाड्या झाला. तळ नसलेली म्हणून ओळखली जाणारी खोल दरी ओलांडून तो पलीकडे गेला. तिथल्या भूमिगत नद्यांत त्याला डोळे नसलेले मासे दिसले. १८४२ मध्ये त्याने केवळ स्मरणातून गुहेचा नकाशा काढला. स्वातंत्र्य मिळाले १८५६ मध्ये आणि पुढच्याच वर्षी त्याचा मृत्यू झाला. पर्यटक मात्र अजूनही त्याने शोधलेल्या वाटा तुडवीत असतात.

बाहेर पडताना सर्वांना साबणाच्या पाण्याने भिजलेल्या पायपुसण्यांवरून चालावे लागते. वटवाघळांचे बळी घेणाऱ्या एका बुरशीचे कण जोड्यांना चिकटून दुसऱ्या गुहेत जाऊ नयेत, यासाठी ही काळजी. आजोबा दोनदा चालून आले.

बोलिंग ग्रीनचा ‘हॉट रॉड्स’ हा संघ मायनर लीगच्या चार पायऱ्यांपैकी खालून दुसऱ्या पायरीवरचा. अशा १२० संघांतून घाम गाळणाऱ्या तरुणांपैकी बहुतेकांना मेजर लीगचे मैदान कधीच लाभत नाही. वाहनतळावर, उजेड असतानाच, दशम्या संपल्या. नातवाने पुढे मैदानात पॉपकॉर्नही घेतले.

तिसऱ्या डावात आजोबांची नजर फलकावर खिळली. धावा, हिट्स, आणि तिसरा रकाना ‘ई’ अक्षराचा, त्यात एक.

“हे काय?”

“एरर. सोपा चेंडू सुटला की लिहितात.”

क्रिकेटमध्ये सुटलेल्या झेलाला धावफलकावर जागा नसते. तो प्रेक्षकांच्या तोंडी तेवढा राहतो. आजोबांना हे नवीन होते.

“प्रतिक्रमणात आपले दोष आपणच उच्चारायचे,” ते म्हणाले. “इथे फलकच उच्चारतो. कोणाचा हा एक?”

“शॉर्टस्टॉपचा. ई-सिक्स म्हणतात.” नातू क्षणभर थांबला. “ती माझी जागा.”

त्यांनी पुढे काही विचारले नाही. सहाव्या डावात चेंडू पुन्हा त्याच खेळाडूकडे वेगाने सरपटत आला. त्याने वाकून तो उचलला आणि धावणाऱ्याच्या आधी पहिल्या बेसवर पोहोचविला. टाळ्या पडल्या.

“आता तो आकडा पुसतात का?”

“नाही आजोबा. तो राहतो.”

“आणि खेळाडू?”

“तोही राहतो.” नातू मैदानाकडेच पाहत होता.

यजमान हरले. अंधार पडला होता आणि आजोबांना तहान लागली होती. नियमामुळे त्यांनी पाणी घेतले नाही. गाडीत बसताना नातवाने वडिलांना विचारले, “माझा ग्लोव्ह गॅरेजमध्येच आहे ना?”

“वरच्या फळीवर,” वडील म्हणाले आणि त्यांनी गाडी सुरू केली.